राजा नव्हता तेव्हा निर्णय कोण घेत असे?



आपल्या भागात गावाचा भंडारा असला की एक गोष्ट हमखास दिसते. डाळ केव्हा चढवायची, बुंदी केव्हा पाडायची, पहिली पंगत केव्हा बसवायची, हे सगळे आचारी ठरवतो. त्या दिवशी सरपंचही त्याला विचारल्याशिवाय कढईला हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी तोच आचारी चौकात उभा राहून हुकूम सोडू लागला तर लोक हसतील. त्याचा अधिकार कामापुरता होता. काम संपले, अधिकार संपला.

माणसाच्या इतिहासातला फार मोठा काळ असाच गेला आहे. आपल्यासारख्या माणसाला पृथ्वीवर सुमारे तीन लाख वर्षे झाली. शेतीला जेमतेम बारा हजार वर्षे झाली आणि राजे, दरबार, लेखी हुकूम यांना पाच हजार वर्षे. तीन लाख वर्षांचा एक दिवस धरला, तर शेती शेवटच्या तासात आली आणि राजा शेवटच्या चोवीस मिनिटांत. बाकीचे तेवीस तास माणसे राजाशिवाय जगली. शिकारीला जायचे की नाही, मुक्काम केव्हा हलवायचा, भांडण कसे मिटवायचे, हे निर्णय तेव्हाही घ्यावे लागत होतेच. ते कोण घेत होते? आणि कामापुरता पुढारी कायमचा मुखिया केव्हा झाला?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. काही पुरावे आपल्या मध्यप्रदेशात आहेत, काही महाराष्ट्रात आणि काही तर आपल्याकडून नागपूरला जाताना वाटेवरच आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. पण या सीमा अलीकडच्या आहेत. ज्या काळाविषयी हा लेख आहे, त्या काळी नद्या आणि घाटवाटा याच सीमा होत्या.

पुरावा कशाचा?

त्या काळची माणसे लिहीत नव्हती. त्यामुळे कोणी काय ठरवले याचा कागद मिळत नाही. मग अभ्यासक काय पाहतात? कोणाचे घर मोठे आणि ते वस्तीत कोठे आहे, धान्य कोठे साठवले, मेलेल्या माणसाला कसे पुरले आणि सोबत काय ठेवले, आणि असे कोणते काम झाले की जे एका घराच्या हातून होणे शक्य नव्हते. घर, कोठार, थडगे आणि सामाईक काम, या चार साक्षीदारांवर बहुतेक निष्कर्ष उभे असतात. पाचवा साक्षीदार म्हणजे अलीकडच्या काळापर्यंत शिकारीवर आणि कंदमुळांवर जगलेले समाज. ते आपले पूर्वज नव्हेत, आपल्यासारखेच आजचे लोक आहेत. पण राजाशिवाय समाज कसा चालतो, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

शिकारी टोळीतला पुढारी

भोपाळजवळ रायसेन जिल्ह्यात भीमबेटका आहे. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये या शैलाश्रयांकडे जगाचे लक्ष वेधले आणि २००३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तेथील जुन्या चित्रांत माणसे घोळक्याने शिकार करतात, हातात हात घालून रांगेत नाचतात. नंतरच्या काळातील चित्रांत घोडेस्वार येतात, ढाल-तलवारी येतात. एकाच डोंगरावर हे दोन्ही काळ रंगवलेले आहेत.

अशा शिकारी टोळीत साधारण वीस-पंचवीस किंवा थोडी जास्त माणसे असत. त्यांच्यात जाणकार माणूस असेच. कोणाला पाण्याची जागा ठाऊक, कोणाला वनौषधी, कोणाला जनावराचा माग. ज्या कामाचे ज्ञान ज्याच्याकडे, त्या कामात त्याचे ऐकले जाई. हुकूम करण्याचा अधिकार मात्र कोणालाच नव्हता. याची कारणे अगदी व्यवहारी होती. एक म्हणजे साठवण नव्हती, त्यामुळे 'तुझे धान्य बंद करतो' अशी धमकी कोणी देऊ शकत नव्हते. दुसरे, जमिनीला बांधलेले कोणी नव्हते. पटले नाही तर माणूस आपले कुटुंब घेऊन दुसऱ्या टोळीत जाई. तिसरे, हत्यार प्रत्येकाच्या हातात होते.

आफ्रिकेतील कलाहारी वाळवंटात राहणाऱ्या समाजांचा रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकापासून अभ्यास केला. तेथे कोणी मोठी शिकार केली तर लोक त्याचे कौतुक करत नाहीत, उलट शिकारीला नावे ठेवतात. 'एवढेसे हाड आणायला आम्हाला बोलावलेस का?' अशी थट्टा करतात. ली यांनी स्वतः गावजेवणासाठी लठ्ठ बैल आणला, तेव्हा त्यांचीही अशीच थट्टा झाली. नंतर त्यांना कारण कळले. तरुण माणूस फार शिकार करू लागला की स्वतःला मुखिया समजू लागतो आणि इतरांना नोकर समजतो. तसे होऊ नये म्हणून त्याचे डोके आधीच थंड ठेवायचे. मांसवाटपाचा मानही शिकाऱ्याला नसे, ज्याचा बाण लागला त्या बाणाच्या मालकाला असे. बाण तर एकमेकांना उसने दिलेले असत. त्यामुळे वाटपाचा मान फिरत राही.

ख्रिस्तोफर बोहम या अभ्यासकाने जगभरातील अशा समाजांची माहिती एकत्र करून एक मुद्दा मांडला. अशा समाजांतली समानता आपोआप आलेली नसते. एखादा डोक्यावर बसू लागला तर बाकीचे सगळे मिळून त्याला खाली ओढतात. आधी थट्टा, मग बोलणे बंद, मग टोळी त्याला सोडून पुढे निघून जाते. समानता ही रोजची मेहनत होती.

इनामगाव : कोठार आले, मुखिया आला

शेती आली आणि चित्र बदलले. हा बदल महाराष्ट्रात सर्वांत स्पष्ट दिसतो तो पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील इनामगावला. घोड नदीच्या काठावरील या वस्तीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. शंभराहून जास्त घरे उघडी झाली. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचे एवढे तपशीलवार चित्र क्वचितच कोठे मिळते.

वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. पहिला काळ माळवा संस्कृतीचा. नर्मदेकाठी महेश्वरसमोरच्या नावडातोडी येथे सांकलियांना जी संस्कृती सापडली, तीच येथे पोहोचलेली दिसते. म्हणजे माळवा आणि महाराष्ट्र यांची सोयरीक साडेतीन हजार वर्षांची आहे. त्यानंतरचा काळ जोर्वे संस्कृतीचा. हे नाव संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावावरून पडले.

जोर्वे काळातील इनामगावात घरे चौकोनी, मातीची, बहुधा एक-दोन खोल्यांची. कारागिरांची घरे वस्तीच्या एका बाजूला. वस्तीच्या मध्यभागी मात्र पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार. कोठारात कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे आणि जमिनीत खणलेली पेवे. मुख्य पीक जवाचे होते, सोबत गहू, मसूर, कुळीथ. शिवाय नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी खणलेला शंभर मीटरपेक्षा लांब कालवा आणि दगड-मातीचा बांध.

आता हिशेब मांडून पाहा. असा कालवा एका घराला खणता येत नाही. कोणी किती दिवस काम करायचे, पाणी आधी कोणाच्या शेताला, गाळ कोण काढणार, हे सगळे ठरवणारे कोणी तरी लागते. चांगल्या वर्षी जास्तीचे धान्य एका ठिकाणी ठेवायचे आणि वाईट वर्षी काढायचे, तर कोठारावर लक्ष ठेवणारेही लागते. ढवळीकरांनी यावरून असा निष्कर्ष काढला की इनामगावात मुखिया होता, धान्याचा वाटा त्याच्याकडे जमा होत असे आणि वाटपही त्याच्या देखरेखीखाली होई.

थडग्यांतही हा फरक दिसतो. इनामगावात मोठ्या माणसांना आडवे पुरत आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळतात. मेलेला माणूस वस्ती सोडून जाऊ नये, अशी काही समजूत त्यामागे असावी, असे अभ्यासक म्हणतात. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. पण पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण सापडला. त्यात एक पुरुष मांडी घालून बसवलेला होता आणि त्याची पावले शाबूत होती. एका जुन्या सहावीच्या पाठ्यपुस्तकात हे थडगे देऊन मुलांना विचारले होते, हा मुखिया असेल का? प्रश्न चांगला आहे, कारण नेमके उत्तर कोणी छातीठोकपणे देऊ शकत नाही. एवढे मात्र म्हणता येते की गावाचा सर्वसाधारण नियम या माणसाला लावला गेला नाही. नियमातून सूट मिळणारा माणूस तयार झाला, म्हणजे समाजात पायऱ्या तयार झाल्या.

पुढे काय झाले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. इ.स.पू. १००० नंतर पाऊसमान बिघडले असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीवरचा भर वाढला आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास लोक वस्ती सोडून गेले. कोठार आणि मुखिया यांनी गावाला अनेक पिढ्या सांभाळले. पण कोठारात टाकायलाच काही उरले नाही, तेव्हा मुखियाही उरला नाही.

मी आयुष्यभर बँकेत काम केले, म्हणून इनामगावचे कोठार मला जरा जास्तच ओळखीचे वाटते. लोक आपली शिल्लक एका जागी ठेवतात ती विश्वासावर. आणि ज्याच्या ताब्यात शिल्लक, त्याच्या शब्दाला वजन येते, त्याची इच्छा असो वा नसो. म्हणूनच बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. दोघांपैकी कोणी चोर आहे म्हणून ही पद्धत नाही. कोणावरही मोह होण्याची किंवा आळ येण्याची वेळ येऊ नये म्हणून आहे.

आपल्या वाटेवरची शिळावर्तुळे

आता आपल्या जवळ येऊ. पांढुर्ण्याहून काटोलमार्गे नागपूरला जाताना शहराच्या अलीकडे जुनापाणी लागते. तेथे मोठमोठ्या दगडांची सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांतली काही खणून पाहिली आणि १९६१-६२ मध्ये बा. कृ. थापर यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्याच बाजूला माहुरझरी आहे. पेंचकाठी नैकुंड, कोलारकाठी भागीमोहारी, शिवाय टाकळघाट-खापा, अशी ही मालिका नागपूर जिल्हाभर पसरली आहे. त्यांतल्या अनेक स्थळांवर डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली काम झाले. पेंच ही कन्हानला मिळणारी नदी, आणि कन्हान आपल्या सौंसर भागातूनच खाली नागपूरकडे जाते. म्हणजे हे लोक आपल्याच नदीच्या खोऱ्यातले.

ही वर्तुळे म्हणजे थडगी. काळ लोखंडाचा, साधारणपणे इ.स.पू. पहिल्या सहस्रकाचा. आत माणसांच्या अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, मणी. माहुरझरीला माणसांसोबत घोडाही पुरलेला आढळला आणि घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिनेही मिळाले. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली.

घोडा सांभाळणे आणि त्याला तांब्याने मढवणे सगळ्यांना परवडणारे नव्हते. काही थडग्यांत भरपूर वस्तू, काहींत मोजक्या. म्हणजे येथेही पायऱ्या होत्या. पण केवळ मोठे दगड पाहून 'येथे राजा असणार' असे म्हणण्याची घाई करू नये. तुर्कस्तानातील गोबेकली टेपे येथे शेती सुरू होण्याआधीच्या लोकांनी सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी माणसाच्या तिप्पट उंचीचे कोरीव दगडी खांब उभे केले. तेथे राजवाडा सापडलेला नाही. लोक श्रद्धेसाठी, पूर्वजांसाठी, सणासाठी एकत्र येऊनही डोंगराएवढे काम करतात. आपल्याकडे देवळाचे काम निघाले की कोण ट्रॅक्टर देतो, कोण वाळू देतो, कोण आठ दिवस राबतो. त्यामागे हुकूम नसतो, आवाहन असते. जुनापाणीचे दगड हुकमाने ओढले की आवाहनाने, हे दगड सांगत नाहीत. आतल्या वस्तू एवढेच सांगतात की ओढणारे सगळे सारखे नव्हते.

बसून ठरवण्याची रीत

मुखिया आला म्हणून सगळे निर्णय तो एकटा घेऊ लागला असे नाही. वेदांत सभा आणि समिती यांचे उल्लेख आहेत. अथर्ववेदात तर या दोघींना प्रजापतीच्या मुली म्हटले आहे. राजालाही समितीचे मन आपल्या बाजूने असावे अशी इच्छा धरावी लागे. पुढे बुद्धाच्या काळी वज्जींसारखी गणराज्ये होती. मगधचा राजा अजातशत्रू त्यांच्यावर चढाई करणार होता. त्याने आपला मंत्री बुद्धाकडे पाठवला. त्या वेळी बुद्धाने सांगितलेली पहिलीच गोष्ट अशी होती की वज्जी जोवर वारंवार एकत्र बसतात आणि एकोप्याने बसून एकोप्याने उठतात, तोवर त्यांची वाढच होईल. बौद्ध संघात मतभेद झाला तर लाकडी शलाका वाटून मते घेण्याची पद्धत होती आणि ती मोजणारा माणूस निःपक्ष असावा असा नियमही होता.

मराठी मुलखात हीच रीत गोतसभेच्या रूपाने टिकली. वतनाचा, शिवेचा, वारसाचा तंटा पडला की पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार एकत्र बसत, साक्षी घेत आणि निवाड्याचा महजर लिहीत. महजरावर प्रत्येकाची निशाणी असे. पाटलाचा नांगर, तसेच इतरांच्या धंद्याचे एकेक चिन्ह. लिहिता न येणाऱ्या माणसाचाही निर्णयावर हात उमटत असे. त्या काळी वर राजे होतेच. नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शाह आपल्या देवगडचाच गोंड राजा. पण शिवेचा दगड कोठे होता, हे राजाला ठाऊक नसते, गावाला ठाऊक असते.

आपल्या शेजारच्या गोंड आणि कोरकू गावांतही आजवर एक सूज्ञ विभागणी पाहायला मिळते. गावाचा कारभार पटेलाकडे, देवाचे काम भुमकाकडे. पटेल हाच भुमका नसतो. भांडण मिटवण्याचा अधिकार एकाकडे आणि देवाच्या नावाने बोलण्याचा अधिकार दुसऱ्याकडे. एकाच हातात सगळे जाऊ नये, ही समज पुस्तकातून आलेली नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड गाव याच परंपरेवर उभे राहिले. तेथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलतात, पुन्हा बसतात. आणि बसण्याआधी अभ्यास गटात विषय नीट समजून घेतात. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे बांबूच्या विक्रीचे मोठे व्यवहार ग्रामसभेने स्वतः सांभाळले. सर्वसहमतीला वेळ लागतो, हे खरे. पण बहुमताने झटपट घेतलेला निर्णय अमलात आणताना उरलेले लोक जो अडथळा घालतात, त्यातला वेळ कोणी मोजत नाही.

सभेत कोण नव्हते?

जुन्या रीतींचे गुणगान करताना ही बाजू झाकून चालणार नाही. गोतसभेत स्त्रिया बसत नव्हत्या. वतनाच्या काही वादांत त्यांचे म्हणणे घेतले जाई, पण निवाडा करणाऱ्यांत त्या नसत. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्याकडून निरोप पोहोचवण्याचे, शीव राखण्याचे काम घेतले, महजरावर निशाणीही घेतली, पण मान दिला नाही. शेजारी बसवून विचारणे वेगळे आणि उभे करून साक्ष घेणे वेगळे.

आणि टोळीतली जी ताकद डोक्यावर बसणाऱ्याला खाली ओढत होती, तीच ताकद उलटी फिरली की दुबळ्याला चिरडते. बोलणे बंद करणे, पंगतीला न बसवणे, विस्तव-पाणी तोडणे. शिकारी टोळीत हे हत्यार दांडगाईविरुद्ध चालत होते. जातपंचायतींच्या हातात ते मनाने लग्न करणाऱ्या मुलीविरुद्ध आणि तिच्या आईबापांविरुद्ध चालले. शिकारी माणूस टोळी सोडून दुसरीकडे जाऊ शकत होता. ज्याचे घर, शेत आणि सोयरीक सगळे एकाच समाजात अडकले आहे, तो कोठे जाणार? शेवटी शेजारच्या महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. विधिमंडळाने तो २०१६ मध्ये मंजूर केला आणि २०१७ मध्ये तो लागू झाला. पंचांनी मिळून कोणाला वाळीत टाकणे हा आता तेथे गुन्हा आहे. 'आमची जुनी रीत आहे' हे उत्तर पुरेसे नाही, कारण जुनी रीत नेमकी कोणती? दांडग्याला आवरण्याची, की दुबळ्याला वाळीत टाकण्याची?

आपल्या मंडळासाठी

एवढ्या लांबच्या इतिहासातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. पुढारी असणे माणसाला नवीन नाही आणि वाईटही नाही. पण पुढाऱ्याला आवर घालायचे तीन मार्ग होते. त्याला नाही म्हणता येणे, कोठाराचा हिशेब सगळ्यांना दिसणे आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्यांना सभेत बसायला जागा असणे. हे मार्ग उघडे होते तोवर मुखिया गावाचा राहिला. ते बंद झाले की गाव मुखियाचे झाले.

आपली समाजमंडळे, देवस्थान समित्या, सामूहिक विवाह समित्या हीसुद्धा आजची छोटी कोठारेच आहेत. वर्गणी जमते, देणगी येते, भांडी आणि सतरंज्यांचा साठा असतो, कोठे सभागृह असते. ते सांभाळणारी माणसे बहुधा प्रामाणिक आणि फुकट राबणारी असतात. त्यांचा मान राखूनही काही गोष्टी सहज करता येतील. बँक खाते दोन सह्यांचे ठेवावे आणि दोन सह्या एकाच घरातल्या नसाव्यात. वर्षाचा जमा-खर्च वार्षिक सभेत वाचावा आणि फलकावर लावावा, कोणी मागण्याची वाट पाहू नये. अध्यक्षपद ठरावीक वर्षांनी बदलावे. ज्याला एखादे काम येते त्याला त्या कामापुरते पुढे करावे, मग तो पंचवीस वर्षांचा का असेना. आणि सभेत शेवटच्या रांगेत बसलेल्या सुनांना व मुलींना आधी बोलू द्यावे, कारण ज्येष्ठांनी मत दिल्यावर आपल्याकडे धाकटे बोलत नाहीत.

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. गावातील मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण तिचा सभासद आहे. पंचांना आपण निवडून देतो, पण ग्रामसभेत आपण स्वतः बसायचे असते. बहुतेक गावांत त्या दिवशी शेतात काम निघते, आणि मग वर्षभर आपणच म्हणतो की वरच्यांनी परस्पर ठरवले.

ज्यांना या विषयात रस वाटेल त्यांनी पुण्याला गेल्यावर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू पाहाव्यात. नागपूरला तर दवाखाना, लग्नाची खरेदी किंवा मुलांचे कॉलेज या ना त्या कारणाने आपले जाणे होतेच. एखाद्या वेळी दोन तास जास्तीचे काढून मुलांना जुनापाणीला घेऊन जावे. वर्तुळातले दगड हलवू नयेत, ते संरक्षित आहेत. मुलांना एवढेच विचारावे की हे दगड ओढायला किती माणसे लागली असतील आणि त्यांना 'चला' कोणी म्हटले असेल. त्यांची उत्तरे मंडळाकडे जरूर कळवा.